खडकापाशी गुडघाभर पाणी

नामदेव आबा तलावावर पोचले की आधी गळाला हातही लावायचे नाहीत. पँट मांडीपर्यंत दुमडायची, वेळूची लांब काठी घ्यायची आणि काठाकाठानं पाणी टोचत निघायचं. काठी तळाला टेकली की क्षणभर थांबायचे, मान हलवायचे आणि पुढं सरकायचे. अर्ध्या तासानं परत आले की मोबाइल तोंडाजवळ धरून ठणठणीत आवाजात सुरू करायचे, "राम राम मंडळी. पानी कोमट हाये. वरून निवळ, खालून गढूळ. वारा मावळतीचा. बाभळीखाली कंबरभर, खडकापाशी गुडघाभर. मरळ ऊन खायला वर यायलीय. कणकेची गोळी आनू नका, गांडूळ आना. काल मला काय बी गावलं नाय."

दर रविवारी सकाळी हा आवाज आमच्या 'गळवाले' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचा. ग्रुपमध्ये रिक्षावाले होते, बँकेतले होते, एक दातांचे डॉक्टर होते आणि शाळेत शिकवणारा मी होतो. सगळे हौशी. मासे विकून पोट भरणारं त्यात कुणी नव्हतं. पण आबांचा रिपोर्ट ऐकल्याशिवाय कुणी करमाडच्या तलावाचा रस्ता धरत नसे.

आबा गारखेड्यात माझ्याच गल्लीत राहायचे. शेंद्र्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले होते. जन्म मात्र करमाडच्या पुढच्या धनगर वस्तीवरचा. तलाव झाला तेव्हा ते जाणते होते; त्याआधी त्याच जमिनीवर त्यांनी वडिलांची मेंढरं चारली होती. "तुमी पानी बघता सर, मी खालचं रान बघतो," ते मला म्हणायचे. "त्या खडकावर बसून म्या भाकर खाल्लीय."

बढाई त्यांना खपत नसे. डॉक्टरांनी एकदा हात लांब करून, मासा कॅमेऱ्याच्या पुढ्यात धरून फोटो टाकला. ग्रुपवर वाहवा सुरू झाली. आबांचा आवाज आला, "डॉक्टर, हात आखडा. मासा ल्हान हाये, हातच लांब हाये." डॉक्टर आठवडाभर रुसले. अंडी असलेली मासळी गळाला लागली तर आबा ओल्या हातानं आकडा सोडवायचे. "पोटुशी हाये, जाऊ द्या तिला घरी," म्हणायचे आणि ती खोल पाण्यात दिसेनाशी होईपर्यंत वाकून बघत राहायचे.

एकदा मी गमतीनं म्हणालो, "आबा, रोज तोच तळ, तेच पाणी. काठी कशाला हवी?" ते हसले नाहीत. "सर, आपल्या खबरीवर मानूस पाण्यात पाय टाकतो. काठी टाकल्याबिगर जबान टाकायची नाय."

त्या वर्षी उन्हाळ्यात तलाव पार तळाला गेला आणि आमच्यासकट आबांचंही तिकडं जाणं थांबलं. कोरड्या पात्रात खोदायची यंत्रं उतरली आणि टिप्पर भरभरून मुरूम गेला. कुणी नेला, कुणाच्या परवानगीनं नेला, कुणी विचारलं नाही. पुढं पाऊस चांगला झाला, तलाव भरला, आणि नेमके त्याच सुमाराला आबा चिकुनगुनियानं अंथरुणाला खिळले. तलाव भरूनही पाच आठवडे ग्रुपवर त्यांचा आवाज नव्हता. माणसं चुळबुळ करायला लागली. त्यात दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या.

त्या रविवारी सकाळी मीच त्यांना फोन केला. "आबा, रिपोर्ट नाही आला."

"सर, जिना उतरवत नाय. पानी बघितलंच नाय म्या."

"अहो, तुम्हाला बघायची काय गरज? तो तलाव तुम्हाला पाठ आहे. सगळे विचारतायत."

पलीकडं कॉट करकरली; ते उठून बसले असावेत. मग म्हणाले, "व्हय. पाठ तर हाये."

थोड्या वेळानं ग्रुपवर आवाज आला. बारीक, खोल गेलेला. "राम राम मंडळी. मरळ खडकापाशी असंल. तिथं गुडघाभर पानी, खाली मुरूम पक्का. बेशक जा." मी त्याखाली अंगठ्याची खूण टाकली आणि पेपर तपासायला बसलो.

त्या दिवशी ग्रुपमधला संतोष दाभाडे तलावावर गेला. मुकुंदवाडीचा रिक्षावाला, चाळिशीचा, तोंडभरून हसणारा. त्याला पोहता येत नव्हतं. आबांच्या भरवशावर त्याला कधी त्याची गरजही पडली नव्हती. सोबत चुलतभाऊ होता. गळाचा रॉड घेऊन संतोष खडकावरून पाण्यात उतरला, दोन पावलं चालला, तिसऱ्या पावलाला खाली जमीनच नव्हती. मुरूम काढलेला खड्डा दोन पुरुष खोल होता. चुलतभाऊ काठावरून ओरडत राहिला. वस्तीवरची पोहणारी माणसं धावत आली, पण संतोषला वर काढेपर्यंत दुपार झाली होती.

तिसऱ्या दिवशी आबा भिंतीला धरधरून माझ्या दारात आले. बोटं सुजलेली, पायात चप्पल जेमतेम अडकवलेली. "सर, स्कूटर काढा. दाभाडेच्या घरी जायचंय."

"आबा, नका जाऊ," मी म्हणालो. "तुम्ही घरून बोललात हे कुणाला माहीत आहे?"

"मला हाये," ते म्हणाले.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली संतोषचा मोठा करून आणलेला फोटो. त्याची बायको मंगल भिंतीला टेकून बसली होती, भोवती चार बायका. आबा वाकताना कण्हले, पण खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसले. मी उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभा राहिलो.

"बाई, मी नामदेव खरात. त्या दिवशीचा आवाज माझा. मी पान्यावर गेलोच नव्हतो. घरून बोललो."

खोलीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मंगलनं मान वर केली. "का?"

मी खाली चपलांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माझी चूक," ते म्हणाले. "दुसरं कारन नाय."

"तुमी गेला असता तर खड्डा कळला असता?"

"काठीला कळला असता."

 मंगल ओरडली नाही, रडली नाही. "जेवताना तुमचा आवाज लावायचे ते," ती म्हणाली. "पोरींना ऐकवायचे. म्हनायचे, ह्यो मानूस खोटं बोलत नाय. जा आता तुमी."

परतीच्या वाटेवर आबा स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं आणि शर्ट ओला होत होता.

पुढच्या रविवारी ते बस धरून तलावावर गेले, त्याच सुजलेल्या गुडघ्यांनी. मग दर रविवारी. सगळा काठ त्यांनी काठीनं पुन्हा तपासला. जिथं जिथं खड्डा लागला तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधलं. गळ पुन्हा हातात धरला नाही. आवाज ग्रुपवर यायचा, पण त्यात वारा नसायचा, मरळ नसायची, फक्त खोली. कुठं किती, कुठं उतरू नका. माणसं कंटाळली. "आबा, मासे कुठं लागायलेत ते सांगा की," कुणीतरी लिहिलं. उत्तर आलं, "मासे मला म्हाईत नाय. खड्डे म्हाईत हायेत." हळूहळू लोकांनी दुसरा ग्रुप काढला. डॉक्टर गेले, बँकेतले गेले. मीही शाळेचं काम सांगून तलावावर जाणं सोडलं. शेवटी आबांचा आवाज सहा-सात जण ऐकत होते, आणि तेही ऐकत होते की नाही कुणास ठाऊक.

त्या फोनबद्दल ते कधी बोलले नाहीत, आम्ही दोघंच असतानाही. एकदा त्यांच्या घरी चहा पिताना मीच सुरुवात केली, "आबा, त्या दिवशी मी फोन केला नसता तर..." त्यांनी बशी खाली ठेवली. "सर, जबान माझी व्हती," ते म्हणाले. विषय तिथंच संपला, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणंच मला पुढं झोंबत राहिलं.

या हिवाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून कॉटवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. तलावाकडच्या वस्तीवरची दहा-बारा माणसं मातीला आली होती. आमच्या जुन्या ग्रुपमधला मी एकटाच होतो.

तेरावा झाल्यावर मी मुकुंदवाडीला गेलो. मंगल आता घरीच शिवणकाम करते. दार उघडंच होतं. मी कोण ते सांगितलं, आबा गेल्याचं सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. मग मी सांगितलं, की त्या रविवारी आबा बोलायला तयार नव्हते. फोन करून त्यांना बोलायला लावलं ते मी. ते इथं आले तेव्हा दारात उभा होतो तोही मीच, आणि मी गप्प राहिलो.

तिनं मशीन थांबवलं. कापडावरचा हात तसाच राहिला.

"ते तिसऱ्या दिवशी आले व्हते," ती म्हणाली. "तुमाला दोन वर्षं लागली."

मग तिनं मान खाली घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.