लक्कव्वाची खालची अक्षरं

दीपश्रीला अंदाज आवडत नाहीत. मळमड्डीहून रोज हुबळीला, कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात येणारी ही मुलगी रिक्षावाल्याचं ‘आलंच’सुद्धा मान्य करत नाही, किती मिनिटं, ते विचारते.

कलघटगीच्या एका दवाखान्यासाठी तिनं चार महिने खपून सॉफ्टवेअर केलं. रुग्णाचं नाव आणि औषधाच्या वेळा त्यातून चिठ्ठीवर छापून येत, चिठ्ठी पाकिटाला चिकटवली जाई. पण स्क्रीनवर ठळक दिसणारं अक्षर चिठ्ठीवर मुंगीएवढं व्हायचं. डॉक्टरांनी निरोप धाडला, शनिवारपर्यंत म्हाताऱ्यांना वाचता आलं नाही तर आम्ही पुन्हा हातानं लिहू.

तिचे वरिष्ठ सुधींद्र यांनी अक्षराच्या मापाचा आकडा दुप्पट करून मोकळं व्हायला सांगितलं.

“उद्या प्रिंटर बदलला की परत चुकेल, सर. चूक आकड्यात नाही, मापात आहे.”

माप ठिपक्यांत दिलेलं होतं. स्क्रीनच्या इंचात शहाण्णव ठिपके धरलेले, प्रिंटरच्या इंचात दोनशे तीन. तेवढेच ठिपके कागदावर निम्म्याहून कमी जागेत दाटत होते. तिनं अक्षराचं माप मिलिमीटरमध्ये घातलं आणि इंचात ठिपके किती, ते ज्या त्या यंत्रालाच विचारायची सोय केली. दोन प्रिंटरवर स्वतःचं नाव छापून पट्टी लावली. दोन्हीकडे चार मिलिमीटर.

शनिवारी ती स्वतः कलघटगीला गेली. पहिली चिठ्ठी निघाली म्हाताऱ्या लक्कव्वाची. बोलणं मराठी, शाळा कन्नड. म्हणून चिठ्ठी कन्नडात. लक्कव्वानं ती हात लांब करून वाचली.

“लकव? मला ताप आलाय बाई, लकवा कशाला मारतीस?”

बाकावरचे सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

दीपश्रीनं चिठ्ठी हातात घेतली. मराठीत जोडाक्षर शेजारी मांडीला मांडी लावून बसतं, कन्नडात त्यातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. ओळीची उंची अजून जुन्याच ठिपक्यांत राहिली होती, त्यामुळे खालचा क आणि खालचा व कापले गेले होते. घरीदारी कन्नड बोलणाऱ्या तिनं चाचणी मात्र मराठीत घेतली होती.

“दहा मिनिटं द्या,” ती डॉक्टरांना म्हणाली. आठ लागली. ओळीची उंचीही मिलिमीटरमध्ये गेली.

लक्कव्वानं नवी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, स्वतःच्या नावासकट.

“आता गावातली अवघड नावं सांगा, अक्का. जेवढी खाली लोंबतात तेवढी.”

लक्कव्वा बाकावर सरसावून बसली आणि सांगू लागली. अकरा नावं छापली, अकराही पुरती उतरली. तोवर डॉक्टरांनी लक्कव्वाच्या पाकिटावर तिची चिठ्ठी चिकटवली होती.