मुळांचं पाणी

आमच्या गच्चीवर माती नाही. दहा पांढरे पाइप आहेत, त्यांना वीतभर अंतरावर भोकं पाडलेली आहेत, भोकांत जाळीचे लहान पेले आणि पेल्यांत पालक, कोथिंबीर, पुदिना. पाइपांखाली सावलीत एक पांढरट ड्रम. ड्रममधल्या पाण्यात झाडांना लागणारी खतं विरघळवलेली असतात. छोटी मोटर ते पाणी पाइपांतून फिरवते आणि ते परत ड्रममध्ये येऊन पडतं. एवढीच भानगड आहे. पण पूर्वी मी ही समजावून सांगायला अर्धा तास घ्यायचो आणि ऐकणाऱ्याचा चहा निवून जायचा.

मी जव्हारला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. शेती मोबाइलवर बघून शिकलो. ज्याचा जन्म खोडाळ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर, भात आणि नागली लावणाऱ्या घरात झाला, त्यानं शेती मोबाइलवर शिकावी हे हसण्यासारखंच आहे. माझी बायको हसतेही. ती जामसरकडच्या शाळेत शिक्षिका आहे, सकाळच्या एसटीनं जाते आणि जाता जाता मला 'गच्चीवरचे शेतकरी' म्हणते.

मागच्या वर्षी भातकापणी आटोपली तशी मी आईला पाड्यावरून इकडे आणलं. आम्ही तिला आय म्हणतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तिचे गुडघे बोलायला लागले होते आणि चढावरची नागली चुलतभावानं करायला घेतली होती. जव्हारच्या घरात तिला करायला काही उरलं नाही. भांड्याला बाई, कपड्याला मशीन. ती ओट्याच्या कडेला बसून रस्ता बघायची. बायको एकदा म्हणाली, "या रमल्या नाहीत, नुसत्या थांबल्यात." मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

मग एका सकाळी ती स्वतःच चौदा पायऱ्या चढून गच्चीवर आली. पाइपातला एक पेला तिनं हळूच उचलला. खाली पांढऱ्या मुळांचा झुबका लोंबत होता. भातलावणीच्या दिवसांत उपटलेलं आवण, म्हणजे भाताची रोपं, तिनं जन्मभर हाताळलं. तिनं मुळं तळहातावर घेतली, बोटांनी विंचरली आणि म्हणाली, "मातीबिगर आवण! खोटं वाटतं."

त्या दिवसापासून ड्रम तिचा झाला. दर आठवड्याला जुनं पाणी काढायचं, ड्रम आतून घासायचा, नवं पाणी भरायचं, मोजून खत घालायचं. खत मी घालायचो, बाकी सगळं ती. दुखरे गुडघे गच्चीवर कुठं जायचे देव जाणे. ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालून मुळं चाचपायची आणि मला ऑफिसला जाताना रोज खबर द्यायची, तिसऱ्या पाइपातली थोडी मागं हायत, पुदिना माजलाय, वगैरे. मी आतून फार सुखावलो होतो. आता ही इथे राहील असं मी मनाशी धरून चाललो.

पहिला घोटाळा राखेचा झाला. पालकाची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. पाण्याची आम्लता मोजली तर काटा भलतीकडेच. विचारल्यावर तिनं एक पिशवी काढून दाखवली. खोडाळ्याच्या बाजाराला गेली तेव्हा पाड्यावरून चुलीची राख बांधून आणली होती, आणि भाताच्या पेंढ्याचा बोळा करून ती ड्रम राखेनं घासत होती. आमच्याकडे पाण्याचा हंडा असाच घासतात. ड्रम हंड्यासारखाच लख्ख केला होता तिनं. राख पाण्याला क्षारयुक्त करते आणि मग झाडाला लोह घेता येत नाही, पेंढ्याच्या काड्या तळाशी राहून कुजतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मंग राख नको." विषय संपला.

दुसरा घोटाळा असा संपला नाही. उन्हं तापायला लागली होती. एका सकाळी मी पेला उचलला तर मुळं तपकिरी, हाताला बुळबुळीत, आणि वास गटाराचा. मोबाइलवर बघितलं. पाणी गरम झालं, त्यात हवा कमी झाली, बाहेरची घाण किंवा जंतू शिरले की मुळं अशी सडतात. कारणं पाच-सात दिली होती. मी माझ्या सोयीचं एक उचललं.

आय तेव्हा ड्रमपाशीच होती, बाही वर करून. मी ओरडलो. माझा आवाज चढतो तेव्हा तो खालच्या रस्त्यापर्यंत जातो. "आय, तू आता या पाण्याला हात लावू नकोस! तुझ्या हातानंच सगळं सडतंय."

तिनं बाही खाली केली. पायऱ्या उतरताना भिंतीला धरून उतरली, ते मी बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. संध्याकाळी जेवताना तिनं सांगून टाकलं, आखातीला ती पाड्यावर जाणार आणि मग तिकडेच राहणार. आखाती, म्हणजे अक्षय तृतीया, महिन्यावर आली होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिलो.

त्यानंतर आय गच्चीवर आली नाही. मी सगळा कारभार माझ्या शहाण्या हातात घेतला. सडलेली रोपं फेकली, ड्रम ओतला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतला, नवी रोपं बसवली. आठ दिवस पांढरीशुभ्र मुळं. दहाव्या दिवशी पुन्हा तपकिरी. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. रविवारी दुपारी जेवताना मी चिडून बोलत होतो, की एवढं करूनही जंतू येतात कुठून, कळत नाही.

आय भाकरी मोडत होती. ती म्हणाली, "मी तर वीस दिस वर नाय आले. मंग आता कुनाचा हात?"

मी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं.

"मागल्या रव्वारी तुझे सायेब आलते. भजी खाल्ली तेनी. तेच हातानं पेला उचलला, मुळांत बोटं घातली, पानी ढवळून बघितलं. मी चा घेऊन जिन्यात उभी व्हते. तवा तू हसत व्हतास."

हे खरं होतं. साहेब म्हणजे आमच्या कार्यालयातले माझे वरिष्ठ. माझी गच्ची बघायची त्यांना हौस, आणि ती दाखवायची मला त्याहून जास्त. दोन-तीन रविवार ते आले होते, कधी एकटे, कधी कुणाला घेऊन. प्रत्येकानं मुळं हातात घेतली होती. मी स्वतः भज्यांची बशी खाली ठेवून पेले उचलून दाखवले होते. तेलकट बोटांनी.

आय पुढं बोलत राहिली. आवाज चढलेला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगत होती. ती लग्नाच्या नव्यात डोक्यावर मोळी घेऊन खोडाळ्याच्या बाजाराला जायची. एका घरी मोळी टाकायची. तहान लागली म्हटलं की तिथली बाई ओट्यावर उभी राहून वरून पाणी ओतायची, ही खाली ओंजळ धरायची. माठ बाजूलाच असायचा. "हात लावू नको हां," असं ती बाई दर वेळी म्हणायची. "गोड बोलायची ती. वाईट नव्हती, चा पन द्यायची. पन बोलायची तेच. तू बोललास तेच."

मला लाज वाटली, इतकी की उठून हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहूनसुद्धा माझं डोकं वकिली करत होतं. जंतूंना जात नसते, न धुतलेला हात पाण्यात जाऊ नये हे शास्त्रच आहे, मी चुकीचं काय सांगितलं? नियम खराच होता. मी तो फक्त एका माणसाला लावला होता, आणि तो माणूस माझी आई होती. बाकीच्यांपुढे मी हसत होतो.

बाहेर येऊन मी म्हणालो, "आय, चुकलं माझं. तू वर ये." ती म्हणाली, "बघू." आणि ताटं उचलायला लागली.

त्या आठवड्यात मी रजा टाकून काम नीट केलं. आधी मी नुसता ड्रम धूत होतो, पाइप तसेच ठेवत होतो. या वेळी सगळे पाइप सुटे केले. कोपऱ्याच्या जोडांत मागच्या पिकाच्या मुळांचे गुंते अडकून कुजले होते आणि पाइपांच्या आत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरला होता. म्हणजे मी घाण पाइपांत स्वच्छ पाणी ओतून वाट बघत होतो. ब्रशनं एकेक पाइप घासला, ब्लीचिंगच्या पाण्यात दोन तास ठेवला, वास जाईपर्यंत तीनदा धुतला आणि उन्हात वाळवला. ड्रममध्ये उजेड जाऊन शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून काळा रंग दिला, रंग तापू नये म्हणून त्यावर ओलं गोणपाट गुंडाळलं. मासे ठेवतात त्या काचपेटीला लावतात तसला हवेचा पंप आत सोडला. नळाशी साबण आणि नखांचा ब्रश ठेवला. नवी रोपं लावली. आयला रोज सांगायचो आज काय केलं ते. ती ऐकायची, मान हलवायची आणि खालीच राहायची. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. आखातीला सहा दिवस उरले होते.

रविवारी साहेब आले. बरोबर त्यांचे दोन पाहुणे. बायको शाळेच्या कामाला गेली होती, म्हणून चहा आयनंच वर आणला. साहेबांनी पाहुण्यांना म्हटलं, "आता गंमत बघा," आणि पेल्याकडे हात नेला.

माझा गोपनीय अहवाल हा माणूस लिहितो. मला ते त्या क्षणी आठवलं, नाही असं नाही.

मी म्हणालो, "साहेब, आधी हात धुवा. तिथं साबण आहे."

ते हसले. "अरे, मी काय आज पहिल्यांदा येतोय?"

"नाही, साहेब. पण धुवावेच लागतील. सगळ्यांनाच."

पाहुणे आपले हात बघायला लागले. साहेबांचं हसू थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं आणि मग गेलं. ते नळाशी गेले, हात धुतले, रुमालाला पुसले. पेला मात्र त्यांनी उचलला नाही. पाहुण्यांना म्हणाले, "लांबूनच बघा, यांचे फार नियम आहेत." चहा अर्धा ठेवून ते निघाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो, गाडीचं दार उघडून दिलं, पाहुण्यांशी हात मिळवले, आणि वर आलो.

आय नळापाशी होती. ती हात धूत होती. साबण लावून, नखं ब्रशनं घासून, कोपरापर्यंत. घाई नाही. मग ती ड्रमपाशी आली. मी झाकण उघडायला वाकलो तर तिनं झाकणावर हात ठेवला.

"तू धुतलेस?"

नव्हते धुतले. मी नळाकडे गेलो. परत येईपर्यंत ती थांबली आणि मग तिनं झाकण उघडलं. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. तिनं हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि तळ चाचपला. मग पहिल्या पाइपातला पेला उचलून मुळं तळहातावर घेतली. पांढरी होती. बराच वेळ ती मुळं बोटांनी सोडवत बसली.

"आखातीला जाते," ती म्हणाली. "येताना माठाचं बी आनते, लाल माठाचं. व्हईल का तुझ्या पाइपात?"

लाल माठ पाइपात नीट होतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "होईल."