तीनशे बारा प्रकरणं जगलेला अंगरक्षक

माझ्या मुलीला, सोल-आला, हॉस्पिटलच्या सहाशे नऊ नंबरच्या खोलीत आणलं, त्या दिवशी समोरच्या खाटेपाशी एक बाई बुटक्या बाकावर बसून जेवणाच्या लाकडी काड्या धूत होती. डब्याबरोबर येतात आणि एकदा वापरून फेकून देतात त्या. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "डावीकडचा बाक घेऊ नका, मध्ये खड्डा पडलाय. आधीच्या बाईनं दीड वर्ष झोपून पाडलाय."

दीड वर्ष! मी तर आठवड्याचे कपडे आणले होते.

तिचं नाव मा सुन-ओक. वय एकोणसाठ. गुन्सानच्या बंदरावर तिनं तीस वर्षं मासे साफ केले होते. बोटांवर सुरीचे इतके वण होते की परिचारिका तिची साखर तपासायला आली की म्हणायची, "मावशी, टोचायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही." खाटेवर तिचा नवरा होता, बे गि-चुल. बोटीवरचा जाड दोर तुटून डोक्यात बसला, तेव्हापासून तीन वर्षं तो डोळे मिटून होता. माझ्या मुलीच्या डोक्यात रक्तस्राव होऊन बारा दिवस झाले होते. ती एकोणीस वर्षांची.

सुन-ओकताईच्या दिवसात दोन कामं ठरलेली होती. पहिलं काम खिडकीचं. समोरच्या विजेच्या खांबावर क्काची या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या जोडीनं घरटं बांधायला घेतलं होतं. हे पक्षी काटक्यांबरोबर कपडे टांगायच्या तारेच्या खुंट्या, म्हणजे हँगरही, उचलून नेतात, तारेला तार लागते आणि अख्ख्या गल्लीची वीज जाते. म्हणून दर वसंतात वीज कंपनीची माणसं येऊन घरटी पाडतात. सुन-ओकताईनं त्यावर तोड काढली होती. धुतलेल्या काड्या ती खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर मांडून ठेवायची. पक्षी त्या चोचीत धरून न्यायचे.

"नुसतं लाकूड असलं, तर पाडायला कारणच काय राहील?" ती म्हणायची.

"ताई, ते विचारून पाडतात थोडंच!"

"तुम्ही शिकलेल्या बायका आधीच हार मानता."

दुसरं काम लिहिण्याचं. ती फोनवर एका अंगठ्यानं लिहायची. बऱ्याच वर्षांपूर्वी राजदरबाराची एक मालिका लागायची. तिच्या शेवटच्या भागात राणीचा अंगरक्षक पाठीत बाण लागून मरतो. नवरा-बायको ती मालिका बंदरावरच्या शेडमध्ये मासे साफ करता करता बघायची. अंगरक्षक मेला तेव्हा गि-चुलनं रबरी बूट टीव्हीवर फेकून मारला होता म्हणे. "एका बाणानं मेला? मी गळ घुसलेला हात घेऊन चार दिवस जाळं ओढलंय!" मग बायकोला म्हणाला, "तू लिही. बाण खांद्याला लागला असं लिही."

तिनं लिहिलं. चाहते अशा पुढच्या गोष्टी रचून टाकतात त्या एका साइटवर मुलाच्या मदतीनं टाकलं. मी भेटले तोवर अंगरक्षक दोनशे ऐंशी प्रकरणं जगला होता. वाचणाऱ्या बहुतेक शाळकरी मुली. त्यांना ही कोणी सोल शहरातली कॉलेजकन्या वाटायची. "लेखिकाताई, परीक्षा संपली का? लवकर टाका ना!" सुन-ओकताई गंभीरपणे उत्तर द्यायची, "संपली, पण पेपर अवघड होता."

प्रत्येक प्रकरण टाकण्याआधी ती नवऱ्याच्या कानाशी वाचायची. "अहो, ऐका. आज त्याचं घोडं आजारी आहे."

आधी मला याचा राग यायचा. डॉक्टर मान हलवत निघून जातात आणि ही बाई घोड्याचं सांगते! पण सोल-आच्या श्वासाचं यंत्र ऐकत बसण्यापेक्षा ते ऐकणं बरं होतं. हळूहळू मीच विचारायला लागले, "घोडं उठलं का?" त्या खोलीत बाकी कोणीच उठत नव्हतं.

मार्चमध्ये गि-चुलची मूत्रपिंडं बंद पडली. डॉक्टरांनी सुन-ओकताईला आणि जहाजांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या मुलाला, सांग-दूला, बोलावलं. आता डायलिसिस सुरू करून ओढायचं की यंत्रं थांबवायची? कायद्याप्रमाणे रोग्याची स्वतःची इच्छा काय होती, ते घरच्या दोघांना एकसारखं सांगावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "असं पडून राहण्याबद्दल ते कधी काही बोलले होते का? नीट आठवून सांगा."

ती खोलीत परत आली तेव्हा सांग-दू मागेच होता.

"आई, मी समुद्रापलीकडे नाही राहत, पण येतो कधी? सणाला. मला काय माहीत अप्पा काय म्हणाले होते? तू सांग. तू म्हणशील तेच मी म्हणेन."

"ते काही बोलले नाहीत," सुन-ओकताई म्हणाली.

"कधीच नाही?"

"मासळीचं बोलायचे. जेवायला काय केलंस विचारायचे. मरणाचं कोण बोलतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज कंपनीची, माणसाला खांबापर्यंत उचलणारी पाळणागाडी आली. सुन-ओकताई हॉस्पिटलच्या चपला घालूनच खाली धावली. मी खिडकी उघडली. पाळण्यातला माणूस चाळिशीचा असेल.

"अहो दादा, त्यात तार नाही! सगळं लाकूड आहे, मी स्वतः दिलंय!"

"आजी, गाडीखाली उभ्या राहू नका."

"आजी कोणाला म्हणतोस? बघ आधी, मग पाड!"

त्यानं खरंच बघितलं. हात घालून आतून एक गोष्ट ओढून काढली आणि वरूनच दाखवली. तारेची खुंटी. वाकवून, काड्यांच्या मधोमध नीट गुंफलेली.

"ही ते शोधून आणतात आजी. तुम्ही कितीही लाकूड द्या. तिच्याशिवाय त्यांचं घरटं टिकत नाही, आणि ती असली की मला टिकवता येत नाही."

घरटं पोत्यात गेलं. तिच्या काड्या रस्त्यावर पडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

वर येऊन ती बाकावर बसली. सांग-दू कॉफीचे कप घेऊन आला होता. ती त्याला म्हणाली, "एक्केचाळिसावं प्रकरण तू टाकलं होतंस, आठवतंय?"

"मी सगळी टाकायचो तेव्हा. वाचायचो थोडीच!"

"ते दोनदा टाकलं होतंस. पहिलं काढायला लावलं मी."

मग तिनं सांगितलं. त्या प्रकरणाच्या पहिल्या लिखाणात आणखी एक बाण लागून अंगरक्षक कमरेखाली लुळा पडतो आणि राणी वर्षानुवर्षं त्याला भरवते. तिला ते फार गोड वाटलं होतं. शेडमध्ये नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं सुरी खाली ठेवली.

"म्हणाले, 'असं करू नकोस त्याचं. उभा कर, नाहीतर जाऊ दे. पडून ठेवू नकोस.' मी म्हटलं, 'अहो, गोष्टच आहे.' तर म्हणाले, 'गोष्टीतसुद्धा नाही. माझंही नाही.'"



"तीन वर्षं मला माहीत होतं," ती म्हणाली. "अंगरक्षकाबद्दल बोलले, स्वतःबद्दल नव्हे, असं धरून बसले. शेवटचे दोन शब्द मी ऐकलेच नाहीत असं ठरवलं."

"आई, ते प्रकरण अजून आहे का?"

"काढलेलं आहे. पण तारीख असेल ना रे कुठे? तू तेव्हा घरी होतास. त्या रात्री जेवताना अप्पांनी तुलाही सांगितलं होतं, आईला समजाव म्हणून."

सांग-दूनं कप खाली ठेवला. म्हणाला, "सांगितलं होतं. मी हसलो होतो."

दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली. मी सोल-आचे पाय चोळत राहिले. दुसरं काय करणार!

यंत्रं थांबवल्यावर गि-चुल दोन दिवस आणि एक सकाळ जगला. त्या वेळात ती वाचत होती, शेवटच्या अर्ध्या दिवसात नुसता हात धरून होती. तीनशे बाराव्या प्रकरणात अंगरक्षक लाकडं तोडायला डोंगरावर जातो. परत येतो की नाही, ते लिहिलेलं नाही. मुलींनी खाली शेकडो वेळा विचारलंय. तिनं कोणालाच उत्तर दिलं नाही.

चाळीस दिवसांनी ती मला भेटायला आली. पिशवीत शिजवलेले बटाटे होते आणि धुतलेल्या काड्यांचा जुडगा. बाकीच्या खाटांवर नवी माणसं आली होती. तिनं माझ्या बाकाकडे बघितलं.

"तुमच्याही बाकाला खड्डा पडायला लागला हो."

"ताई, असं पडून राहण्याबद्दल सोल-आ मला कधी काही बोलली नाही. एकोणीस वर्षांची पोरगी कशाला बोलेल?"

"मग तुमचं बरं आहे," ती म्हणाली. मग पिशवीतून बटाटे काढत म्हणाली, "नाही, बरं नाही."

जाताना तिनं काड्या एसीच्या खोक्यावर मांडल्या. खांबावर क्काचीनं पुन्हा सुरुवात केली होती. चार-पाच काटक्या, आणि उन्हात चकाकणारं काहीतरी. आम्ही दोघींनीही ते बघितलं. पाळणागाडीला कोणी फोन केला नाही.