विकत आणलेली पाणवेल

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे आणि परसात एक सिमेंटचा हौद. बांधकामाच्या पाण्यासाठी केलेला. घर उभं राहिल्यावर तो बुजवून तिथे गाडी लावायचं मी ठरवलं होतं. माझ्या सासूबाई कुसाबाई हौदाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मला बुजव, मग हौद." झालं. गाडी अजून रस्त्यावरच असते.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. दर रविवारी चाळणीने हौदावरच्या टिकल्या काढताना त्या फार आठवतात. टिकल्या म्हणजे पाण्यावर तरंगणारी कुंकवाच्या टिकलीएवढी हिरवी पानं. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. आई या टिकल्या ठेवायच्या, पण बेतानेच. "अर्धं पाणी झाकायचं, माशांना सावली होती. अर्धं उघडं ठेवायचं. पाण्याला आभाळ दिसाय पाहिजे, नायतर ते कुजतं." माझी पिठाची चाळणी त्यांनी या कामाला लावली आणि वर मलाच विचारलं, "दुसरी आणली नाय का अजून?"

उघड्या अर्ध्यात त्यांची कमळासारखी पांढरी कमोदिनी होती. माझे सासरे रंगनाथ लवकर गेले. त्यानंतर आईंनी अठरा वर्षं एका ठेकेदाराच्या हाताखाली गोदावरीतल्या पाणवेली उपसल्या. आई गोदावरी म्हणायच्याच नाहीत. त्यांची ती गंगा. एकदा आनंदवलीजवळ पाणवेलीचा जाड थर ओढला, तर खाली ही कमोदिनी कशीबशी जीव धरून होती. आईंनी डब्यातली भाकरी कुत्र्याला घातली आणि त्या डब्यातून कंद घरी आणला. भाड्याच्या खोलीत तो घमेल्यात राहिला, मग हौदात आला. "गंगेनं मला दिलं ते एवढंच," असं त्या म्हणायच्या.

कॉलनीत मात्र मी सांगायचे, "सासूबाई महापालिकेत होत्या." आईंनी ते ऐकलं होतं.

एका उन्हाळ्यात त्या दोन महिने सटाण्याला बहिणीकडे गेल्या. कमोदिनी माझ्या भरवशावर. हौद मला उघडाबोडका वाटला. एका नर्सरीत जांभळ्या फुलांचं, पाण्यावर तरंगणारं रोप दिसलं. पाटीवर लिहिलं होतं, वॉटर हायसिंथ. पाच रोपं आणली. आई खूश होतील, मला वाटलं. मी पुण्याची, पाणवेल पाहिली होती ती पुलावरून, नुसतं हिरवं मैदान. जवळून तिचं तोंड कुठे पाहिलं होतं! पाचाची पन्नास झाली, तेव्हा माझ्या हाताला गुण आहे म्हणून मीच माझी पाठ थोपटून घेतली.

आई आल्या त्या हातातली पिशवी न ठेवताच परसात गेल्या.

"ही कुनी आणली?"

"मी. हायसिंथ आहे, आई. जांभळी फुलं येतात."

त्यांनी एक फुगीर देठ चिमटीत धरून फट्कन फोडला. "पाणवेल हाय ही."

"माझी कमोदिनी!" म्हणत त्यांनी लुगडं खोचलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या हौदात उतरल्या. मी मागे धावले. "आई, थांबा ना! मी हे सगळं उपसते आणि गंगेत सोडून येते."

निर्माल्य, जुन्या तसबिरी, नको झालेलं सगळं आम्ही गंगेतच सोडतो. तोंडातून तेच निघालं. आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, ठसका लागेपर्यंत. "अठरा वर्षं काढली मी, आन् सून परत सोडाय निघाली!" हसता हसता त्या रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही दोघींनी उपसली. तुकडा राहिला की तोच वाढतो, म्हणून मुळासकट, खालून हात घालून. गच्चीवर उन्हात पसरली; कुरकुरीत वाळल्याशिवाय खतातसुद्धा टाकायची नाही, ही आईंची ताकीद. कमोदिनीचं एकही पान उरलं नव्हतं. आईंनी खांद्यापर्यंत हात बुडवून चिखलातला कंद चाचपला. "मऊ नाय पडला," एवढंच म्हणाल्या.

सतरा दिवस त्या चहा घेऊन हौदाशीच बसायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि देवाला नवस बोलायचे, तेही चोरून. अठराव्या सकाळी गुंडाळी केलेलं एक तांबूस पान पाण्याबाहेर आलं. आईंनी मला हाक मारली नाही, हात धरून ओढतच नेलं.

त्याच दिवशी धुण्याच्या दगडामागे एका बादलीत मला एक ताजी, जांभळं फूल आलेली पाणवेल सापडली. माझा पारा चढला. "आई, ही कशाला ठेवली?"

"राहू दे एक. बादलीत हाय, कुठं जाती? हिच्याच जिवावर तुझा नवरा शिकला."

तेवढ्यात शेजारच्या लताबाई भिंतीवरून डोकावल्या. "अय्या, काय छान फूल आलंय! कसलं हो रोप?"

आई खाली बघून बादलीतलं पाणी ढवळायला लागल्या. मी काय सांगणार, ते त्यांना ठाऊक होतं.

"पाणवेल," मी म्हणाले. "आमच्या आई गंगेतून काढायच्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, अठरा वर्षं."

आईंचा हात थांबला. वर न बघताच म्हणाल्या, "योगिनी, चाळणी आण गं. टिकल्या लय झाल्यात."