बुढीच्या मासोया आणि हिरवं पाणी

आमच्या बुढीच्या, म्हणजे बायकोच्या, हातून पोट फुटेस्तोवर न खाता कोणी सुटला असेल तर दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. व्याही सुटले नाहीत, मीटर पाहायला आलेला पोरगा सुटला नाही, तिथे काचेच्या पेटीतले चार मासे काय सुटणार! तिच्यासोबत मी केलेलं शेवटचं काम म्हणजे ती पेटी घासणं. रविवारची संध्याकाळ, राजापेठेतलं आमचं घर, पेटीच्या काचांवर चढलेलं हिरवंगार शेवाळ, एका बाजूने ती घासते, दुसऱ्या बाजूने मी, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण. मी म्हणायचो, तुझ्या खाऊ घालण्याने पाणी हिरवं होते. ती म्हणायची, तुमच्या नजरेने होते.

पेटी अकोल्याच्या लेकीची. नातीचं मन भरलं तशी आमच्या गळ्यात पडली. माशांचे दाणे आणायला गेलो तेव्हा मासेवाल्याने बजावून सांगितलं होतं, दिवसाला एक चिमूट दाणे, आणि पेटी उन्हात ठेवू नका. उरलेलं अन्न सडलं आणि वरून ऊन मिळालं की शेवाळ माजते. बुढीने मान हलवून सगळं ऐकलं आणि घरी येताच पेटी खिडकीत नेऊन ठेवली. "अंधारात त्याईचा जीव नाही का घाबरत?" आणि चिमूट? पंगतीत वाढणारा हात तो, त्याला चिमूट कशी जमावी! दाणे टाकायची आणि वर माशांना आग्रह, "घ्या ना, लाजू नका, घरचंच हाय." मासे तोंड उघडून वर आले की मला बोलवायची, "पाह्यलं? मांगून राह्यले." मी म्हटलं, "अवं, मासा तोंड उघडतच असते." तर म्हणते, "तुमीबी उघडताच ना? तुमाले देतोच ना मी?"

थोड्याच दिवसांत पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं. शेजारीण विचारे, "मासे कुठी हायेत, काकू?" ही सांगे, "आतमंधी हायेत. झोपले." मग तिला वलगावचं माहेर आठवलं. तिथे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवत. हिने पेटीतच फिरवली! पाणी होतं तसंच राहिलं, मासे मात्र आडवे झाले. आम्ही त्यांना उचलून बादलीतल्या ताज्या पाण्यात सोडलं. ही बादलीजवळ बसून त्यांची माफी मागत होती. दुपारपर्यंत चारही मासे सरळ झाले, आणि हिने लगेच दुप्पट दाणे टाकले. "अशक्तपणा आला असंन ना त्याईले!"

त्या दिवशी मी दाण्यांची डबी जप्त केली. तेव्हापासून ती माझ्या सदऱ्याच्या खिशात. तर मी आंघोळीला गेलो की ही पोळीचा चुरा टाकायची. शेवाळ पुन्हा माजलं. एकदा एसटीने अकोल्याला जाताना मी कंडक्टरला म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड दिलं. त्याने ते उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं. "काका, याले मासोईचा वास कावून येऊन राह्यला? आन् फोटो कोनाचा हाय हा?" फोटोत माझं अर्धं तोंड घासून गेलेलं, उरलेलं हिरवं. बुढी शेजारीच बसलेली. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "काच खरडाले लय चांगलं हाय ते कार्ड." अख्खी बस हसली. मी मूर्तिजापूरपर्यंत तोंड फिरवून बसलो. तिथे तिने पिशवीतून आलूबोंडा काढून माझ्यासमोर धरला, आणि मी तोंड उघडलं.

तर त्या रविवारी तीन काचा लख्ख झाल्या. मागची राहिली. "राहू द्या, उद्या करू," म्हणाली आणि हात पुढे केला. "डबी द्या. थकले बिचारे."

"घासलं आपण, आन् थकले ते?"

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मी एक चिमूट तिच्या हातावर ठेवली. तिने ती टाकली आणि हात पुन्हा पुढे. "अजून एक."

"सकाळी पाहू," म्हणत मी डबी खिशात घातली.

रात्री झोपली ती उठलीच नाही.

सकाळी लेकीला फोन केला. शेजारपाजारचे यायचे होते. घरात मी आणि ती, दोघंच. पेटीजवळ गेलो. मागची काच हिरवी, तिच्यातून खिडकीचा उजेड आलेला. चारही मासे वर आले, तोंडं उघडून. मी खिशातून डबी काढली आणि एक चिमूट टाकली.

मग अजून एक टाकली.