दगडूची हजेरी

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की आता मला घडलेलं आठवतं की सांगितलेलं, याची खात्री उरलेली नाही. साल दुष्काळाचं होतं, एवढं नक्की. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात मी प्री-डिग्रीला अर्थशास्त्र शिकवत होतो.

नेवाशाकडच्या एकाच गावची तीन मुलं माझ्या वर्गात होती. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, एक एसटीनं कॉलेजला येई. तो तिघांची हजेरी देई आणि कार्बन लावून तिघांच्या नोट्स उतरवी. बहुतेकदा रंगनाथच यायचा. दगडू तर मी कधी पाहिलाच नव्हता.

*

एकदा रंगनाथनं ओळीनं तीन नावांना "हजर" म्हटलं. मी विचारलं, "काय रे, तुमच्या गावात सगळ्यांचा घसा एकच का?"

"पानी एकाच हिरीचं हाय ना, सर!"

वर्ग हसला. मीही हसलो आणि तिघांची हजेरी मांडली.

*

नोट्स इतक्या इमानदारीनं उतरायच्या, की दगडूनं घरून पाठवलेल्या ट्युटोरियलमध्ये एक वाक्य सापडलं : 'मागणी वाढली की किंमत वाढते, खिडकी लावा, धूळ येतेय.'

स्टाफरूममध्ये मी ते वाचून दाखवलं. बाकीची उत्तरं वर्गात सगळ्यांत चांगली होती, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

*

टर्म संपत आली. खोटी हजेरी खपवून घेतली तर शिक्षकाला जबाबदार धरू, असं प्राचार्यांनी बजावलं. मी नवीन होतो, घाबरलो. उद्या जो स्वतः दिसणार नाही त्याची टर्म भरणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही, असं वर्गात सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दगडूचं नाव घेतलं. मागच्या बाकावर एक अनोळखी पोरगा उभा राहिला. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"हजर, सर."

हे नाव मी आजवर दुसऱ्यांच्याच आवाजात ऐकलेलं. म्हटलं, "आता बाहेरून माणसं आणायला लागलात?"

"मीच हाय, सर."

वर्ग हसला. रंगनाथ उठला, "सर, ह्यो खरंच..."

"तू बस. तुझा घसा मला ठाऊक आहे."

त्या पोरानं वही उचलली आणि तो निघून गेला. दगडूची टर्म भरली नाही. पुढे कॉलेजात ते नाव कुणी घेतलं नाही.

*

निवृत्तीच्या आठवड्यात ऑफिसातलं एक जुनं कपाट रिकामं करत होते. त्यात कुणी न नेलेल्या ओळखपत्रांचा गठ्ठा निघाला. दगडूचं मी शोधून काढलं. फोटो त्या मागच्या बाकावरच्या पोराचाच होता.