भाऊंच्या वहीचा समास

बातमी आली तेव्हा मी कारखान्याच्या क्लीनरूममध्ये होते. तिथे फोन नेता येत नाही. दुपारी बाहेर येऊन टोपी-झगा उतरवला, लॉकर उघडला, तर वैशालीवहिनींचे नऊ मिस्ड कॉल आणि एक मेसेज : ‘भाऊ गेले. सकाळी. ये.’ वहिनी नेहमीच मोजकं लिहितात. मी सुपरवायझरला सांगितलं, गाडी काढली आणि वाटेत आधी पेट्रोल भरलं, कारण पुढचे दोन-तीन दिवस गाडी लागणार हे दिसत होतं. भाऊंच्या मुलीला डब्लिनच्या विमानतळावरून आणायचं, कागदपत्रं करायची, येणाऱ्यांच्या जेवणाचं बघायचं... या सगळ्यात रडायचं राहून गेलं. ते अजून राहिलेलंच आहे.

भाऊ म्हणजे श्रीकांत वानखडे, वैशालीवहिनींचे यजमान. मूळचे अमरावतीचे, गेली अकरा वर्षं कॉर्कमध्ये, एका औषध कंपनीत प्रोसेस इंजिनिअर. वय एकोणसाठ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडत असतानाच हृदयविकाराचा झटका आला.

इथल्या मराठी मंडळींना भाऊ ठाऊक आहेत ते गणपतीच्या जेवणात पंगतीवर करडी नजर ठेवणारे म्हणून. मला लिहायचंय ते त्यांच्या रविवारांबद्दल. कॉर्कमध्ये बेसबॉलचा एक हौशी संघ आहे. हर्लिंग या आयरिश खेळाच्या मैदानाचा एक कोपरा मागून घेऊन खेळतो. त्यात इलेक्ट्रिशियन आहेत, पोस्टमन आहे, अमेरिकेत चार वर्षं राहून परत आलेले आयरिश आहेत. भाऊ त्या संघाचे स्कोअरर होते. मला त्यांनीच ओढलं. सहा वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या सहलीत कोणीतरी मारलेला चेंडू माझ्या अंगावर आला आणि मी तो डाव्या हाताने झेलून पुन्हा बटाटे सोलायला लागले. भाऊ समोर येऊन उभे.

“कॅचर होतीस का गं?”

“सॉफ्टबॉलला. युनिव्हर्सिटीकडून.”

“मग इथे काहून बटाटे सोलून राहिली? रविवारी मैदानावर ये.”

मी गेले. तेव्हापासून संघाची व्यवस्था माझ्याकडे आहे, म्हणजे हेल्मेटं, चहा आणि भांडणं.

भाऊंसारखा स्कोअरर मी पाहिला नाही. कॉर्कच्या पावसात कागद टिकत नाही, म्हणून ते वही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवायचे आणि हातही त्याच पिशवीत घालून लिहायचे. तीन पेन्सिली, पेन कधीच नाही. प्रत्येक चेंडूला एक रेघ. आपल्या संघाची चूक असली तर ती आधी लिहायची. समोरच्या संघाचे लोक त्यांच्या वहीशी आपली वही ताडून पाहायला यायचे आणि फरक निघाला तर स्वतःची दुरुस्त करायचे. आकडे इंग्रजीत, समास मात्र मराठीत. ‘अंपायर पेंगलेला.’ ‘डेक्लन उगाच ओरडला.’ एकदा नुसतंच, ‘ऊन!’ इंग्रजीत का लिहीत नाही विचारलं तर म्हणाले, “इंग्रजीत लिहिलं तर रोज भांडणं होतील.” तो समास वाचू शकणारं मैदानावर दुसरं कोणी असेल तर ती मी.

गेल्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीला पोहोचलो. हरलो तर मोसम संपला, अशी गोष्ट. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर हा अर्धा संघ असतो. जोरात फेकून फेकून शंभरेक चेंडूंत खांदा-कोपर थकतात, मग चार-पाच दिवस विश्रांती लागते. त्यामुळे मोठ्या सामन्याआधी वाद एकच : सुरुवात कोणी करायची?

तो वाद शनिवारी सकाळी भाऊंच्या स्वयंपाकघरात झाला. कप्तान डेक्लन होता, आमचा सगळ्यात वेगवान पिचर कॉनर होता, सव्वीस वर्षांचा, पेशाने इलेक्ट्रिशियन, आणि मी होते. दुसरा पिचर मार्टिन, त्रेचाळीसचा, डावखुरा, संथ. तो टपाल वाटायला गेलेला.

“कॉनर. विषय संपला,” डेक्लन म्हणाला.

“एकशे अठरा,” पोहे परतता परतता भाऊ म्हणाले.

“काय एकशे अठरा?”

“गेल्या रविवारी त्याने टाकलेले चेंडू. बुधवारी आणखी चाळीस.”

“मी ग्रँड आहे,” कॉनर म्हणाला. या देशात प्लास्टरमध्ये पाय असलेला माणूसही ग्रँडच असतो.

मला जिंकायचं होतं. मी म्हणाले, “भाऊ, मार्टिनचा चेंडू त्याच्या टपालासारखा येतो. आज टाकला की सोमवारी पोचतो.” सगळे हसले. भाऊसुद्धा. मी खूश झाले.

डेक्लनने टेबलावरची वही स्वतःकडे फिरवली. कॉनरच्या ओळीपुढे समासात एकच नोंद तीनदा होती. “हे काय लिहिलंय?” त्याने मला विचारलं.

मी वाचलं. ‘हात झटकला.’ ‘हात झटकला.’ ‘हात झटकला.’ तिन्ही नोंदी शेवटच्या दोन इनिंगमधल्या. चेंडू टाकल्यावर पिचर हात झटकतो तेव्हा कोपरात कळ गेलेली असते. ते कुठल्याही कॅचरला, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणाऱ्याला, समजतं.

“वाऱ्याबद्दल आहे,” मी म्हणाले. “वारा फार होता.”

भाऊंची आमच्याकडे पाठ होती. त्यांनी गॅस बारीक केला. मला खोटं पाडलं नाही. नेहमीसारखं म्हणाले, “मीनल, वरच्या प्रेसमधले कप काढ.” भिंतीतल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात, भाऊही म्हणायचे. मी उठले तसे ते म्हणाले, “नको, थांब. आज मीच काढतो.”

त्यांनी उजवा हात वर केला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी आणखी जोर लावला. हात वर गेला नाही. सहा वर्षं मी त्या घरात कप काढत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, काय हा पुरुषी रुबाब, चार पावलांवरचा कप स्वतः घेता येत नाही...

“एवढाच जातो,” भाऊ कॉनरला इंग्रजीत म्हणाले. “बाविसाव्या वर्षापासून. आंतरविद्यापीठ बेसबॉल स्पर्धा, मी पिचर, दोन दिवसांत दोन सामने. मलाही विचारलं होतं, हात कसा आहे. मीही ग्रँडच होतो.”

“जिंकलात?” कॉनरने विचारलं.

“जिंकलो ना. करंडक विद्यापीठात आहे. उंच कपाटावर.”

कॉनर आपल्या कोपराकडे बघत बसला. मग म्हणाला, “मार्टिनला सुरुवात करू दे.” डेक्लनने पोहे तसेच ठेवले आणि निघून गेला. भाऊंच्या घरी पोहे टाकून उठलेला मी पाहिलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

मी निघाले तेव्हा भाऊ गाडीपर्यंत आले.

“वाऱ्याचं मी काही लिहिलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“जिंकायचं होतं ना तुला?”

“हो.”

“मलाही,” ते म्हणाले. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आम्ही दोन रनांनी हरलो. डेक्लनने नाताळपर्यंत भाऊंना फोन केला नाही. कॉनरच्या कोपराला सूज निघाली, हिवाळाभर विश्रांती सांगितली. आणखी एका सामन्याने ते कोपर गेलं असतं का, कोणालाच माहीत नाही. मी भाऊंना तोंडावर सांगितलं होतं की कॉनर खेळला असता तर आपण जिंकलो असतो. ते म्हणाले, “शक्य आहे.” मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर त्या दोन शब्दांसाठी आहे. आपलंच खरं होतं, हे सिद्ध करायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. एका माणसाचा हात वर जातोय, एवढं त्यांना पुरे होतं.

ते गेले त्यानंतर तीन आठवड्यांनी यंदाची उपांत्य फेरी आली. पुन्हा तीच अवस्था, हरलो की संपलं. वहिनींनी वही, पिशवी आणि तीन पेन्सिली माझ्या हातात दिल्या. “अर्धी कोरी आहे. वाया कशाला घालवायची?” मी घेतली. माझ्या हातात ती शोभते की नाही असले विचार केले नाहीत. सामन्याला स्कोअरर लागतोच.

तो सामनाही आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी शेवटाची वाट बघत बसणार नाही.

या वेळी कॉनर ताजातवाना होता, सुरुवात त्यानेच केली आणि सुरेख केली. सहाव्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. पाऊस भुरभुरत होता. माझा हात पिशवीत. एक्याण्णवावा चेंडू टाकून त्याने हात झटकला. पटकन, मांडीमागे, कोणाला दिसू नये असा. मी समासात लिहिलं. त्र्याण्णवाव्याला पुन्हा.

डेक्लन बाकावर माझ्या शेजारी बसला होता. त्याचं लक्ष पिशवीकडे गेलं. “काय लिहितेस?”

त्या मैदानावर आता ती ओळ वाचू शकणारं माझ्याखेरीज कोणी नव्हतं. वारा म्हटलं असतं तर खपलं असतं. वारा होताही.

“हात झटकला,” मी मराठीत वाचलं, आणि मग त्याला कळेल असं इंग्रजीत सांगितलं. “दोनदा.”

डेक्लनने एक शिवी घातली, कोणाला ते मी विचारलं नाही. मग उठला आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या मार्टिनला हात केला. मार्टिनने जाकीट काढलं. मी पिशवीतला हात बाहेर न काढता त्याच्या नावाची नवी ओळ आखली.